शेतवस्तीला कुंपण : कोणते, कुठे आणि त्यासाठी कोणती अवजारे

गावठाण सोडून शेतात घर बांधून राहायला गेलेल्या कुटुंबाला पहिल्या वर्षातच कुंपणाचा प्रश्न पडतो. घराशेजारी दोन गाई, चार शेळ्या, कोंबड्या असतात. परसात भाजीपाला आणि नारळ-आंब्याची रोपे असतात, पलीकडे उभे पीक असते. बहुतेक जण पूर्ण हद्द धरून एकाच प्रकारची काटेरी तार ओढून घेतात. त्यात पैसा संपतो, आणि पहिल्याच हंगामात रानडुक्कर तारेखालून आत येते, शेजारच्या शेळ्या तारांमधून आत येतात, बिबट्या तर वरून येतो. तारेचा दोष नसतो. ज्याला अडवायचे त्याचा विचार न करता ती लावलेली असते.

वस्तीसाठी कुंपणाचे दोन भाग करावेत. घर, गोठा आणि परसबाग एवढ्याभोवती लहान पण भक्कम कडे आणि बाकी शेताभोवती पिकानुसार हलके कुंपण. सगळीकडे मध्यम दर्जाचे कुंपण करण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि जास्त टिकते.

आधी हद्द, मग खड्डा

कुंपणावरून होणारे बहुतेक वाद तारेचे नसतात, ओळीचे असतात. बांध वर्षानुवर्षे नांगरटीने सरकलेला असतो आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र जमिनीवर नेमके कुठे आहे हे दोन्ही शेजाऱ्यांना ठाऊक नसते. सिमेंटचे खांब रोवल्यावर ते उपटायला लावणे सर्वांनाच महागात पडते. त्यामुळे जुन्या हद्दीचे दगड सापडत नसतील किंवा पोटहिस्से झाले असतील, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज आधी करावा. मोजणीच्या दिवशी लगतच्या शेतकऱ्यांना हजर राहायला सांगावे. मोजणीनंतर मिळणारी नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवावी. खुणा दाखवल्या त्याच दिवशी तिथे पक्के दगड रोवून घ्यावेत. लाकडी खुंट्या पुढच्या पावसापर्यंत राहत नाहीत.

मोजणी झाली तरी खांब हद्दीच्या रेषेवर न रोवता एक ते दीड फूट आपल्या बाजूला घ्यावेत. टेकू, पाया आणि तारेचे काटे आपल्याच जमिनीत राहतात, आणि गवत काढायला दोन्ही बाजूंनी जागा मिळते. दीड फूट जमीन गेली असे वाटते, पण ती कुठेही जात नाही.

वहिवाटीचा रस्ता, पाणंद किंवा बांधावरून जाण्याची पाऊलवाट असेल तर ती तारेने बंद करू नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून रस्ता देण्याचा निर्णय तहसीलदार करतात, आणि असलेला रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा काढण्याचा आदेश होऊ शकतो. अशा ठिकाणी सुरुवातीलाच फाटक ठेवावे.

कोणाला अडवायचे आहे?

मोकाट गाई-म्हशी सर्वांत सोप्या. चार फूट उंचीच्या, ताणलेल्या चार तारा त्यांना पुरतात. शेळी मात्र जिथे डोके जाते तिथून सगळी जाते. तिला तार नव्हे, जाळीच लागते. मुंगूस आणि रानमांजरापासून कोंबड्या वाचवायच्या तर जाळीचे भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठे चालत नाही, आणि ती जाळी हद्दीवर नव्हे तर खुराड्यालाच लावायची असते.

रानडुक्कर उडी मारत नाही, मुसंडी मारते आणि खालून उकरते. त्यामुळे कुंपणाचा खालचा दीड-दोन फूट भागच त्याच्यासाठी महत्त्वाचा. रोही, म्हणजे नीलगाय, याच्या उलट. तिला उंची लागते. पाच फुटांखालच्या कुंपणावरून ती सहज जाते. विदर्भ-मराठवाड्यात दोन्ही प्राणी एकाच शेतात येतात, म्हणून तिथे नुसत्या काटेरी तारेचा अनुभव निराशेचा आहे. साळिंदर उकरून येते आणि कोकणात नारळाची कोवळी रोपे व कंदपिके फस्त करते. वानर-माकडांना जाळी म्हणजे शिडी. त्यांच्यासाठी फक्त विजेच्या झटक्याचे कुंपण काही अंशी चालते, तेही जवळच्या झाडाची फांदी आत झुकलेली नसेल तरच.

गवा आणि हत्ती यांचा विषय वेगळा. राधानगरी, चंदगड, दोडामार्ग परिसरात एकट्या शेतकऱ्याने हद्दीवर खर्च करून हत्ती थांबत नाही. तिथे वन विभागासोबत गावाने मिळून केलेलीच व्यवस्था धरावी.

बिबट्याबाबत स्पष्ट सांगायला हवे : कोणतेही हद्दीचे कुंपण बिबट्याला अडवत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या उसाच्या पट्ट्यात वस्तीवर राहणाऱ्यांनी तो पैसा गोठ्यावर खर्च करावा. शेळ्या-वासरांसाठी चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेला बंदिस्त गोठा, आतून-बाहेरून कडी लागणारे दार आणि घरापासून गोठ्यापर्यंत उजेड, एवढे झाले तर रात्रीचा मोठा धोका टळतो. छत उघडे ठेवून सहा फुटी जाळी लावणे म्हणजे शेळ्यांना पळायला जागा न ठेवणे. ऊस घराच्या भिंतीला भिडलेला असेल तर मध्ये मोकळा पट्टा सोडावा. लहान मुले अंगणात खेळतात तिथे हे अधिक महत्त्वाचे.

खांब आणि कोपरे : खरा पैसा इथे

कुंपण पडते ते कोपऱ्यातून. पाच तारांचा ताण रात्रंदिवस कोपऱ्याच्या खांबाला आत ओढत असतो. तो एक इंच झुकला की सगळ्या तारा ढिल्या होतात आणि मग मधले खांब कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. म्हणून बजेट कमी असेल तर एक तार कमी करावी, पण कोपऱ्याचे खांब आणि टेकू यांत काटकसर करू नये. प्रत्येक कोपऱ्याला दोन्ही दिशांना तिरके टेकू, फाटकाच्या दोन्ही खांबांना एकेक टेकू आणि सरळ ओळीत साधारण १५० फुटांवर एक टेकूचा खांब असावा.

सिमेंटचा खांब ७ ते ८ फुटी घ्यावा. विकत घेताना आत किती सळया आहेत ते तुटलेल्या खांबावरून पाहावे. दुकानदाराकडे एखादा तुटलेला असतोच. तीन बारीक तारांवर ओतलेला खांब गाडीतून उतरवतानाच तडकतो. लोखंडी अँगल हलका, वाहायला सोपा आणि डोंगरउतारावर बरा. पण जमिनीलगतच्या चार-सहा इंचांत तो गंजतो. तेवढ्या भागाला काँक्रीट जमिनीच्या वर काढून उतार द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. लाकडी खांब वापरायचे तर जमिनीत जाणारा भाग जाळून काळा करून किंवा डांबर लावून रोवावा. वाळवीच्या जमिनीत तरीही ते चार-पाच वर्षांपलीकडे धरू नयेत.

काळ्या जमिनीकडे विशेष लक्ष हवे. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. दीड फुटावर रोवलेला खांब या हालचालीबरोबर दरवर्षी थोडा वर उचलला जातो आणि कलतो. म्हणून भारी काळ्या जमिनीत खड्डा ३ फूट घ्यावा, तळाशी तो वरच्यापेक्षा रुंद करावा, आणि उकरलेली काळी माती परत न भरता मुरूम व दगड ठोकून भरावेत. कोपऱ्याच्या खांबांना १:२:४ प्रमाणात काँक्रीट करावे आणि सात दिवस पाणी मारूनच तार ताणावी. घाईने दुसऱ्याच दिवशी तार ओढली की खांब काँक्रीटसकट हलतो.

मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत खोदाई कष्टाची, पण एकदा रोवलेला खांब हलत नाही. तिथे २ फूट पुरतात.

तार आणि जाळी : मोजून घ्यावी

तारेचा गेज आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. १२ गेजची तार साधारण २.६ मिलिमीटर, १४ गेजची साधारण २ मिलिमीटर जाडीची असते. काटेरी तार किलोवर विकली जाते, म्हणून बारीक तार घेतली की किलोत जास्त लांबी मिळते आणि स्वस्त वाटते. मुख्य तार १२ गेज आणि काटे १४ गेज असतील तर किलोला साधारण ८ मीटर, दोन्ही १४ गेज असतील तर साधारण १२ मीटर लांबी येते. काट्यांमधील अंतर कमी-जास्त असते, म्हणून दुकानातच काही मीटर तार मोजून वजन करून पाहावे. जस्ताचा मुलामा जाड असलेली तारच टिकते. कोकणात समुद्राजवळ पातळ मुलाम्याची तार दोन-तीन पावसाळ्यांत तांबडी होते.

एक हिशेब पाहू. वस्तीची जागा २० गुंठे, म्हणजे २१,७८० चौरस फूट आहे. ती जवळजवळ चौरस असेल तर एक बाजू सुमारे १४८ फूट आणि घेर ५९० फूट येतो. तेवढेच क्षेत्र ६६ × ३३० फुटांची पट्टी असेल तर घेर ७९२ फूट होतो. वाटण्या होऊन लांबट पट्ट्या पडलेल्या गावांत कुंपण महाग का पडते, ते इथे दिसते.

– चौरस जागा : १० फुटांवर एक याप्रमाणे ६० खांब, १० टेकू, पाच ओळींना सुमारे ९०० मीटर तार; १२ × १४ गेजची घेतल्यास सुमारे ११३ किलो.
– लांब पट्टी : ८० खांब, १८ टेकू, पाच ओळींना सुमारे १,२०० मीटर तार, त्याच गेजची सुमारे १५० किलो.

गाठी आणि गुंडाळीसाठी यावर पाच टक्के जास्त धरावेत. दर गावानुसार आणि हंगामानुसार बदलतात, म्हणून दर विचारण्यापूर्वी हे आकडे कागदावर असावेत. दुकानदाराने सांगितलेली ‘एकराला एवढी तार’ आकार न पाहता सांगितलेली असते.

शेजाऱ्याशी पटत असेल तर एकत्र कुंपणाचा विचार जरूर करावा. एकेक एकराचे दोन चौरस वेगवेगळे घेरले तर सुमारे १,६७० फूट लागतात; दोन्ही मिळून एकच घेर केला तर सुमारे १,२५० फूट. चौथा हिस्सा वाचतो. खर्चाची वाटणी आणि दुरुस्ती कोणी करायची हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पटत असताना लिहिलेला कागद न पटण्याच्या दिवशी उपयोगी पडतो.

पाच तारा समान अंतरावर लावण्याची पद्धत चुकीची आहे. खाली दाट, वर विरळ, हा नियम. जमिनीपासून ६, १४, २४, ३७ आणि ५२ इंचांवर तारा घेतल्यास खालून शिरणे अवघड होते. स्वतःची दुभती जनावरे आत मोकळी सोडणार असाल तर काटेरी तारेने कासेला जखमा होतात. त्या भागात साधी जाड तार किंवा जाळी घ्यावी.

घराभोवतीच्या कड्यासाठी साखळी जाळी योग्य. २ इंची भोक, ५ फूट उंची. १० गेजची जाळी वजनदार आणि टिकाऊ, १२ गेजची परवडणारी. जाळी नुसती खांबांना बांधली की खालून उचलली जाते, म्हणून वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताण-तारा आधी ओढून त्यांना ती बांधावी. साळिंदर-डुकरांचा त्रास असेल तर एक फूट खोल चर काढून जाळीचा खालचा भाग त्यात पुरावा, किंवा जाळीखाली दगडांची ओळ चुन्या-सिमेंटात बसवावी.

कुंपण ओढा किंवा नाला ओलांडत असेल तर तेवढा भाग स्वतंत्र ठेवावा. दोन्ही काठांवर टेकूचे खांब आणि मध्ये बारीक तारेने टांगलेली जाळी. पुरात वाहून आलेला पालापाचोळा अडकला की बारीक तार तुटते आणि जाळी बाजूला होते. एकसलग तार असेल तर पूर दोन्ही बाजूंचे दहा-दहा खांब घेऊन जातो.

झटका मशीन

सौर कुंपण, म्हणजे बोलीभाषेतले झटका मशीन, रानडुक्कर आणि रोह्यासाठी आज सर्वांत परवडणारा उपाय आहे. खांब हलके चालतात, तारा कमी लागतात. पण याच नावाखाली होणारी एक गोष्ट जीव घेते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

घरच्या किंवा पंपाच्या लाइनवरून थेट तारेत वीज सोडणे हे झटका कुंपण नव्हे. झटका मशीनचा दाब ५,००० ते १०,००० व्होल्ट असतो आणि घरची वीज २३० व्होल्ट, म्हणून घरची वीज कमी धोक्याची असा गैरसमज गावोगाव आहे. प्रत्यक्षात उलटे आहे. मशीनचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर असते. त्या मोकळ्या क्षणात प्राणी किंवा माणूस मागे सरतो. घरची वीज अखंड वाहते, स्नायू आखडतात, हात तार सोडू शकत नाही आणि हृदय बंद पडते. अशा तारांनी विदर्भात वाघ मेले आहेत, आणि माणसेही : रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, पहाटे वाटेने जाणारी बाई, आणि कित्येकदा ज्याने तार लावली त्याच्याच घरचा माणूस. ही वीजचोरी विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली येते, आणि माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. विस्तार कार्यकर्त्यांनी शिवारात अशी तार दिसल्यास गप्प बसू नये.

मशीन घेताना त्यावर विद्युत कुंपणासाठीच्या आयईसी ६०३३५-२-७६ किंवा समकक्ष भारतीय मानकाचा उल्लेख आहे का ते पाहावे. बाजारात स्थानिक जोडणी केलेली, कोणतेही मानक नसलेली मशीनही मिळतात. ती स्वस्त असली तरी घेऊ नयेत. या मानकातल्या काही गोष्टी शेतकऱ्याने स्वतः पाळायच्या असतात. काटेरी तारेत झटका सोडू नये, कारण अडकलेला प्राणी किंवा मूल सुटू शकत नाही. आधीच काटेरी कुंपण असेल तर झटक्याची साधी तार त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर, इन्सुलेटरवर घ्यावी. एका कुंपणाला दोन मशीन जोडू नयेत. शेजाऱ्याचे मशीन वेगळे असेल तर दोघांच्या तारांत किमान अडीच मीटर अंतर ठेवावे. रस्त्याच्या आणि पाऊलवाटेच्या बाजूने पिवळ्या सूचना पाट्या लावाव्यात.

झटका बसत नाही अशी तक्रार आली की बहुतेक वेळा मशीन बिघडलेले नसते, अर्थिंग कमी पडलेले असते. झटका बसण्यासाठी वीज तारेतून प्राण्यात, प्राण्यातून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनकडे गेली पाहिजे. मे महिन्यात वाळलेल्या जमिनीतून ती जातच नाही. किमान तीन जस्त मुलाम्याचे गज, प्रत्येकी दीड-दोन मीटर खोल, एकमेकांपासून तीन मीटरवर ठोकावेत. जागा ओलसर, शक्यतो मोरीच्या किंवा पाटाच्या पाण्याजवळची असावी. घराच्या वीज मीटरच्या अर्थिंगपासून हे गज किमान दहा मीटर दूर हवेत. तपासणी सोपी आहे. मशीनपासून शंभर मीटरवर लोखंडी पहार टेकवून तार जमिनीला जोडावी आणि कुंपणाच्या टेस्टरने अर्थिंगच्या गजावरचा दाब मोजावा. तो ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर आणखी गज ठोकावे लागतील. कोरडवाहू भागात एक सोडून एक तार अर्थिंगला जोडण्याची पद्धत जास्त खात्रीची; प्राणी दोन तारांना एकाच वेळी टेकतो आणि जमीन कोरडी असली तरी झटका बसतो.

डुकरासाठी तारा जमिनीपासून २०, ४० आणि ६० सेंटिमीटरवर, रोही असेल तर त्यावर ९०, १२० आणि १५० सेंटिमीटरवर घ्याव्यात. तार २ ते अडीच मिलिमीटरची जस्त मुलाम्याची असावी. सळ्या बांधायची बाइंडिंग तार वापरू नये. ती महिन्यात गंजते आणि गाठीत झटका मरतो. कुंपणावर कुठेही मोजले तरी ४,००० व्होल्टच्या खाली आकडा येऊ नये. पावसाळ्यात तारेला टेकलेले गवत हा दाब खाऊन टाकते.

बॅटरीचा हिशेब मशीनच्या पाटीवरून करावा. समजा मशीन सरासरी २५० मिलीअँपिअर घेते. दिवसरात्र चालवल्यास तीन ढगाळ दिवसांना १८ अँपिअर-तास लागतील. बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरू देऊ नये, म्हणजे ३६. बाजारात ४० अँपिअर-तासाची घ्यावी. लहान बॅटरीवर चालणारे मशीन उन्हाळ्यात चालते आणि नेमके सोयाबीन-मक्याच्या पावसाळी दिवसांत बंद पडते.

व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांलगतच्या गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते. गाव यादीत आहे का आणि चालू निकष काय आहेत, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच खरेदी करावी. आधी घेतलेल्या साहित्याचे पैसे नंतर मिळत नाहीत.

जिवंत कुंपण

पैसा कमी आणि थांबण्याची तयारी असेल तर जिवंत कुंपणासारखे दुसरे काही नाही, पण दाट व्हायला तीन पावसाळे जातात. सागरगोटा हा सर्वांत पक्का. डुक्करसुद्धा त्यातून जायला धजत नाही. बियांचे कवच दगडासारखे असते, म्हणून खरखरीत दगडावर एक बाजू घासून, रात्रभर पाण्यात भिजवून मृगाच्या पावसात दोन ओळींत लावाव्यात. तो पसरतो, त्यामुळे दरवर्षी छाटणी लागते. घराला लागून लावू नये. करवंद कोकण-घाटमाथ्यावर उत्तम आणि फळेही देते. विलायती चिंच छाटत राहिल्यास मराठवाड्याच्या कोरड्या हवेतही दाट होते. घायपात माळरानाच्या हलक्या जमिनीत बांधावर चालते. गिरिपुष्पाचे फाटे खांब म्हणूनही रोवता येतात आणि पाला हिरवळीच्या खताला मिळतो.

दोन गोष्टी जपाव्यात. मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात आणि मुले त्या शेंगदाण्यासारख्या खातात. शाळेच्या वाटेवर आणि अंगणाजवळ तो नको. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. घाणेरी तर कुंपणासाठीही लावू नये, ती मग शेत सोडत नाही.

कोकणात जांभ्याचा गडगा अजून सर्वांत टिकाऊ आहे. खर्च जास्त, पण एकदा घातला की दुरुस्ती निखळलेल्या चिऱ्यांपुरती. जुन्या साड्यांचे कुंपण मात्र डुकरे आठ-पंधरा दिवसच मानतात. कणसे भरायच्या दिवसांपुरता तो उपाय ठीक.

फाटक

फाटक १२ फूट रुंद ठेवावे. १० फुटांतून ट्रॅक्टर-ट्रॉली सरळ जाते, पण रस्त्यावरून वळून आत घेताना खांब घासतो. रस्ता वाहता असेल तर फाटक आत २५ फूट घ्यावे, म्हणजे उघडेपर्यंत ट्रॉली रस्त्यावर उभी राहत नाही. माणसांच्या ये-जा करिता बाजूला तीन फुटी दिंडी असावी. नाहीतर मोठे फाटक कायम अर्धे उघडे राहते आणि सगळे कुंपण वाया जाते. फाटकाखालची जमीन चाकांनी खोल होते, तिथूनच डुक्कर येते. तिथे काँक्रीटचा उंबरा करून घ्यावा.

अवजारे : काय घ्यावे, काय भाड्याने आणावे

पहार, टिकाव, फावडे, लाइनदोरी, ओळंबा आणि जाड चामडी हातमोजे घरचे असावेत. तार ताणण्यासाठी रॅचेटचा ताणक घ्यावा. ट्रॅक्टरला तार बांधून ओढण्याची पद्धत धोकादायक आहे. तुटलेली काटेरी तार चाबकासारखी मागे येते. ताणताना तारेच्या ओळीत कोणी उभे राहू नये. झटका कुंपण असेल तर टेस्टर हवाच, त्याशिवाय दोष शोधण्यात दिवस जातो.

खड्डे घेण्याचे ऑगर यंत्र ६०-८० खड्ड्यांसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. ते दोन दिवसांसाठी भाड्याने आणावे. गोट्यांच्या जमिनीत ते अडकते आणि हाताला जोराचा हिसका देते. तिथे पहारच बरी.

ब्रश कटर मात्र वस्तीवर उपयोगी. कुंपणालगत तीन फुटांचा पट्टा वर्षातून चार-पाच वेळा साफ ठेवावा लागतो, त्याने झटका टिकतो आणि साप दबा धरत नाहीत. तारेजवळ लोखंडी पाते लावू नये. पाते काटेरी तारेला लागले तर तुकडा उडतो. तारेपासून दोन फूट यंत्राने आणि उरलेले विळ्याने काढावे. दोन स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल उत्पादकाने सांगितले तेवढेच घालावे, १ लिटरला २० मिली सांगितले असेल तर २० च. अंदाजे ओतल्याने इंजिन जाम होते. डोळ्यांवर चष्मा आणि पायात बूट हवेतच.

वर्षातून आठ-दहा दिवसांपेक्षा कमी चालणारे यंत्र विकत न घेता गटातून किंवा अवजारे बँकेतून आणावे. अनुदानावर यंत्र घ्यायचे असल्यास महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती पत्र हाती आल्यावरच खरेदी करावी.

पुढची देखभाल

मृगाआधी सर्व टेकू आणि कोपरे हलवून पाहावेत, ढिल्या तारा ताणाव्यात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झटक्याचा दाब मोजावा आणि विजांच्या कडकडाटात मशीनची जोडणी काढून ठेवावी. दिवाळीनंतर, जमीन आवळू लागल्यावर, काळ्या रानातले खांब पुन्हा एकदा ओळंब्याने तपासावेत. कलले असतील तर भेगा बुजवून मुरूम ठोकायला हेच दिवस बरे. कुंपण असूनही वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले किंवा जनावर मारले, तर जागा न हलवता फोटो काढून त्याच दिवशी वनरक्षकाकडे लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी.